निरोगी धागा

“ताई, ह्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे मीच का?”

रंगनाथ दिवट्यांनी कागद उलटा धरला होता. मी तो सुलटा करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “तुम्ही नाही. तुमच्या पोटातली गाठ.”

“मग बरंय. मला वाटलं, मी एवढा खडबडीत कधी झालो.”

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकच्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात तळमजल्यावर डीएनएची लॅब होती आणि ती मी चालवत होते. पेशंटनं लॅबच्या दारात यायचं नाही हा नियमही माझाच. पण त्या दिवशी डॉ. सबनीसांनी वरून फोन केला. “नलिनीबाई, हा माणूस प्रश्न विचारून मला हैराण करतोय. खाली पाठवतो. तुम्हीच समजवा, तुमच्याकडे शब्द जास्त असतात.” सबनीस मला असं बोलू शकत, कारण बारा वर्षं आम्ही एकमेकांचं डोकं खात होतो.

म्हणून रंगनाथराव माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. वय अठ्ठावन्न. येवल्याचे, पैठणी विणणारे. अंगावरचा सदरा कधीकाळी मापाचा असावा, आता त्यात अजून एक माणूस बसला असता. मागे त्यांचा धाकटा भाऊ दामोदर उभा होता, हातात फाइल, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली आणि भावाची टोपी सांभाळत. दोघं तीस वर्षं एकाच मागावर शेजारी शेजारी बसून विणत आलेले.

“मला ते डीएनए वगैरे नको,” रंगनाथराव म्हणाले. “बिघाड कुठंय तेवढं सांगा.”

“बरं. विणताना एका रंगाचे धागे ओळीनं किती घेता?”

“नक्षीवर आहे. आठ, दहा. कधी चोवीस.”

“आणि चुकतं कुठं?”

“तिथंच की. रंग बदलला तर डोळ्याला कळतं. एकाच रंगात हात चालत राहिला, की चोवीसचे पंचवीस होतात. म्हणून मी तोंडानं मोजतो.” त्यांनी मानेनं मागे खूण केली. “हा मोजत नाही.”

“दादा मोजतो, मी विणतो,” दामोदर म्हणाला. त्यात त्याला काही कमीपणा वाटत असेल असं दिसलं नाही. मग फाइलवर खिडकीवरचा शिक्का राहिलाय हे आठवून तो लगबगीनं निघून गेला.

मला एकदम हुरूप आला. डॉक्टरांना समजावताना मी घाम गाळते आणि इथं समोरच्या माणसानं अर्धा धडा स्वतःच म्हणून टाकला होता. मी म्हटलं, “पेशीचंही असंच. नवी पेशी तयार होताना जुनीची सगळी नक्षी पुन्हा विणावी लागते. तीत काही जागी एकच अक्षर सलग पंचवीस वेळा येतं, किंवा दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते. तिथं मोजणं चुकतं. चांगल्या पेशीत मागून तपासणारा असतो, तो चूक उसवून नीट करतो. पोटाच्या काही कॅन्सरमध्ये तो तपासणाराच मेलेला असतो. मग चुका साठत जातात.”

“माझ्यात तो मेलाय?”

“तुमच्या गाठीत.”

“आणि हे चांगलं? डॉक्टर तर खूश दिसले.”

“औषधासाठी चांगलं. इतक्या चुका झाल्या, की शरीराला ती गाठ परकी वाटू लागते. नवं औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना मोकळं सोडतं आणि ते त्या परक्यावर तुटून पडतात. ज्यांच्या गाठीत अशा चुका नसतात, त्यांना या औषधाचा फारसा उपयोग नाही.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो सबनीसांच्या हाताखालच्या एकाही शिकाऊ डॉक्टरनं मला कधी विचारला नव्हता. “पण चुकलंय हे कळतं कशावरून? मूळ नक्षी शेजारी पाहिजे ना?”

“पाहिजेच. तुमच्याच अंगातला निरोगी धागा घेतो आणि गाठीतल्या धाग्याशेजारी ठेवतो. ही वरची ओळ निरोगी, ही खालची गाठीची. बघा, खाली एक उंचवटा जास्तीचा आलाय. वर तो नाही.”

त्यांनी बोट ठेवून पाहिलं. मान हलवली. समाधान झालं असावं.

खरा पेच पुढे होता आणि तो त्यांना नीट माहीत होता. पोट उघडलं तेव्हा गाठ काढण्यापलीकडे गेलेली निघाली होती. तपासणीपुरता तुकडा घेऊन सर्जननं पोट शिवून टाकलं. मग केमो सुरू झाली. उलट्या, तोंडात फोड, हाताच्या शिरा जळून काळ्या पडलेल्या. पण दोन डोसांनंतर गाठ जराशी आकसली होती. आता एका कंपनीकडून आमच्या हॉस्पिटलातल्या दहा पेशंटना नवं औषध मिळणार होतं, फक्त ज्यांचे धागे बिघडलेत त्यांना. ते घ्यायचं तर केमो सोडायची.

“तुम्ही काय म्हणता, ताई? केमोनं थोडं तरी होतंय. ते सोडून ह्याच्यामागं लागू?”

“केमोनं काही महिने मिळतात. याने काहींना वर्षं मिळालीत.”

“मला एक पैठणी पुरी करायचीय. पदर राहिलाय. पदराची नक्षी दाम्याला अजून मोजता येत नाही, ती शिकवायचीय. मला चार-सहा महिने हातात पाहिजेत, बसता येईल असे. म्हणून विचारतो. कागद बरोबर आहे ना?”

तेव्हा मी जे बोलले, ते शब्द मला अजून तसेच्या तसे पाठ आहेत. “त्यावर माझी सही आहे, रंगनाथराव. चुकीच्या कागदावर मी सही करत नाही.”

मी तशी तोंडाळ, आणि माझ्या कामाचा मला ताठा होता. तो खोटाही नव्हता. त्या कागदावर सही करण्याआधीही मी सगळं तपासलं होतं. गाठीचा तुकडा योग्य. रक्ताची ट्यूब वेळेत आलेली, नाव बरोबर, तारीख बरोबर. रक्तासाठी दामोदरला फोनही मीच केला होता. “तपासणीला रक्त लागेल, उद्या सकाळी या,” एवढंच म्हणाले होते. “येतो मॅडम,” म्हणाला आणि पहिल्या एसटीनं येऊन काम करूनही गेला.

फक्त एक होतं. आम्ही पाच जागा तपासायचो. पैकी तीन जागी फरक होता, दोन जागी अजिबात नव्हता. जिथं एकच अक्षर सलग येतं, त्या दोन जागा. बिघाड असला की खरं तर या दोन आधी हलतात. त्या ढिम्म होत्या. मी ते पाहिलं, पेन्सिलीनं समासात एक प्रश्नचिन्हही काढलं. मग नियम आठवला, पाचापैकी दोन हलल्या तरी पुरे. इथं तर तीन हलल्या होत्या. मी खोडरबर घेतलं आणि ते प्रश्नचिन्ह पुसलं.

मला तो रिपोर्ट चांगला यायला हवा होता. त्या वर्षी पोटाच्या कॅन्सरचे एकतीस तुकडे तपासून झाले होते आणि रंगनाथ दिवटे फक्त तिसरे निघाले होते. चांगली बातमी सांगायची वेळ आमच्या खात्यावर क्वचित येते. ती आली की हात आपोआप सहीकडे जातो.

नवं औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी दोघं यायचे. रंगनाथराव वर जाण्याआधी माझ्या दाराच्या काचेवर टकटक करायचे आणि काचेपलीकडून बोटं उघडून-मिटून दाखवायचे. पदर किती झाला, ते. पहिल्या वेळी चार बोटं दाखवली. केमो थांबल्यामुळे उलट्या बंद झाल्या होत्या, तोंडाला चव आली होती. दामोदर मला म्हणाला, “मॅडम, दादानं काल पिठलं-भाकर मागून खाल्ली.” औषध लागू पडलं असं मीही धरून चालले.

दुसऱ्या वेळी एक वीत. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. चौथ्या वेळी ते काचेपाशी आले नाहीत. दामोदर त्यांना व्हीलचेअरवरून थेट वर घेऊन गेला.

दोन दिवसांनी सबनीस खाली आले. ते कधी खाली येत नसत. “नलिनीबाई, दिवट्यांचं स्कॅन आलंय. गाठ दुप्पट झालीय. लिव्हरमध्येही गेली.”

“काहींना लागू पडत नाही.”

“हो, निम्म्यांना नाही पडत. पण कंपनी म्हणते, टेस्ट पुन्हा करून पाठवा. नव्या रक्तावर.”

“माझ्या टेस्टवर शंका आहे का?”

“शंका नाही हो. नियम आहे.”

मला राग आला. त्या दिवशी रक्त घेणारी सिस्टर रजेवर होती. म्हटलं, मीच जाते आणि घेऊन येते, म्हणजे उगाच कुणाच्या मनात किंतु नको. ट्रे घेतला आणि जिना चढले.

वॉर्डात खिडकीकडची खाट होती. रंगनाथराव भिंतीला उशी लावून बसले होते. डोळे पिवळे, पोट पाण्यानं फुगलेलं, हात काडीसारखे. मला बघून हसले. दामोदर त्यांच्या पायांना तेल लावत होता. माझ्या हातात सुई आणि ट्यूब बघताच तो उठला, रुमालाला हात पुसले आणि स्वतःच्या शर्टाची बाही वर केली.

“घ्या मॅडम.”

“तुमचं नाही. यांचं घ्यायचंय.”

“त्यांच्या हाताला कुठं शीर सापडते आता? सिस्टरनं मागं सात जागी टोचलं होतं, दादा रडले होते. माझंच घ्या. गेल्या वेळी पण मीच दिलं होतं की.”

“गेल्या वेळी म्हणजे?”

“तुम्ही फोन केला तेव्हा. दादाला एसटीत बसवणं होईना, मग म्हटलं कशाला त्यांना हेलपाटा. ऑपरेशनला दोन बाटल्या माझ्याच लागल्या होत्या, त्या दादाला बरोबर चालल्या. तिथं बाईंनी नाव विचारलं, मी दादाचं सांगितलं. पेशंट तेच ना.” मग माझ्या तोंडाकडे बघून तो जरा घाबरला. “काय झालं? सख्ख्या भावाचं आहे मॅडम, बाहेरचं नाही.”

दोन भावांचे धागे बऱ्याच जागी सारखे असतात, काही जागी नसतात. ज्या तीन जागा मला हललेल्या दिसल्या, त्या माणसागणिक वेगळ्याच असतात. ज्या दोन हलल्या नव्हत्या, त्या जवळजवळ सगळ्या माणसांत सारख्या. मी एका माणसाच्या गाठीशेजारी दुसऱ्या माणसाचं रक्त ठेवलं होतं आणि दोघांतला फरक मोजून त्याला बिघाड म्हटलं होतं. ते दोन ढिम्म उंचवटे मला हेच सांगत होते.

दामोदरची बाही वरच होती. आमच्या हॉस्पिटलात रक्त लागेल म्हटलं, की नातेवाईकच बाही वर करतात. वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना ते शिकवलेलं. या खेपेला पेशंटचंच हवंय हे एक वाक्य मी फोनवर बोलले नव्हते.

“दाम्या,” रंगनाथराव म्हणाले, “खालून गरम पाणी आण. घशाला कोरड पडलीय.”

“आणतो. आधी हे—”

“आधी पाणी.”

तो बाटली घेऊन गेला. रंगनाथरावांनी त्याच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत जाऊ दिला. मग म्हणाले, “ताई, निरोगी धागा तुम्ही रक्तातून घेता का?”

मी मान हलवली.

“मला वाटलं, पोट फाडलं तेव्हाच घेतला असेल. म्हणजे शेजारी ठेवला तो दाम्याचा.”

“हो.”

“मग माझी गाठ बिघडलेली नाही. म्हणजे त्या तपासणाऱ्यापुरती.”

“बहुतेक नाही. रक्त घेतलं की नक्की कळेल.” मी ट्रे खाटेवर ठेवला. “रंगनाथराव, चूक माझी आहे. दोन जागा हलल्या नव्हत्या. मी ते पाहिलं होतं.”

“पाहिलं होतं? मग मोजलं नाही?”

“मोजलं. मला जे हवं होतं तेवढंच मोजलं.”

ते रागावतील, ओरडतील, निदान कपाळाला हात लावतील असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर सारखं केलं. मग विचारलं, “केमो चालू ठेवली असती, तर पदर झाला असता?”

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. “झाला असता कदाचित. नक्की सांगता येत नाही.”

“दीड वीत राहिलाय,” ते म्हणाले. “मागावर तसाच आहे.”

खाली जिन्यावर पुन्हा चपला वाजल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढं बळ उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. “त्याला सांगू नका. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. मला टोचू नये म्हणून गेला तो. हे कळलं तर मागावर बसायचा नाही परत. डॉक्टरला सांगा, कागदात लिहा, काय करायचं ते करा. त्याला नाही.”

“नाही सांगत.”

मग मी त्यांचं रक्त घेतलं. तीन जागी टोचावं लागलं. दामोदर दुसरीकडे तोंड फिरवून उभा होता आणि प्रत्येक टोचणीला त्याच्याच तोंडून आवाज येत होता.

पाचही जागा जिथल्या तिथं होत्या. वरची ओळ आणि खालची ओळ, एकीवर एक ठेवली तर एकच दिसावी. मी तो कागद सबनीसांच्या टेबलावर ठेवला आणि झालं ते सांगितलं, पुसलेल्या प्रश्नचिन्हासकट. सबनीसांनी चष्मा काढला.

“केमो पुन्हा?” मी विचारलं.

“एकोणचाळीस किलो वजन आहे. कावीळ आहे. कशावर देऊ?”

जुना रिपोर्ट रद्द झाला, नवा फाइलला लागला. चौकशी झाली, मला समज मिळाली. फॉर्मवर एक ओळ वाढली, की रक्त पेशंटचंच हवं, नातेवाईकाचं चालणार नाही. ती ठळक अक्षरांत छापून घेतली. दहा जणांतली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती का, हा प्रश्न कुणी काढला नाही आणि मीही काढला नाही.

रंगनाथरावांनी घरी सोडायला सांगितलं. जाताना व्हीलचेअर माझ्या दारावरून गेली. काचेवर टकटक झाली नाही. मी आत रक्त फिरवायच्या सेंट्रिफ्यूज यंत्राजवळ उभी होते आणि बाहेर जायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते येवल्यात घरीच वारले.

महिन्याभरानं दामोदर आला. नगरपालिकेच्या कुठल्याशा कामाला हॉस्पिटलचा कागद हवा होता, तो घ्यायला. कागद वरच मिळाला, तरी तो खाली आला. डोक्याचे केस नुकते उगवत होते. मी त्याला आत बोलावलं आणि त्याच स्टुलावर बसवलं.

“पैठणीचं काय झालं?” काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

“आहे तशी आहे. दादा शेवटी शेवटी खाटेवरून मोजून दाखवत होते, मी विणत होतो. चार बोटं झाली. मग त्यांचा आवाज निघेना. आता मी बसतो, पण आकडा चुकतो. उसवतो, परत बसतो.” त्यानं खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. “मॅडम, एक सांगायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी दादानं मला जवळ बोलावलं. म्हणले, दाम्या, ते नवं औषध मला तुझ्या रक्तामुळं मिळालं बरं का. नाहीतर मिळणारच नव्हतं. हे खरंय का?”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

“खरं आहे,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला.

“मला वाटलंच होतं. गुण नाही आला, ते नशीब आपलं. पण पिठलं-भाकर खाल्ली होती त्यांनी. ते दिवस तरी मिळाले.” तो उठला. दारापाशी जाऊन परत फिरला आणि सवयीनं त्याचा हात बाहीकडे गेला. “आमच्यासारखं अजून कुणी आलं, रक्त लागलं, तर मला फोन करा, मॅडम. येवल्याहून पहिल्या एसटीनं येतो. माझं चालतं.”

मी वही उघडली आणि त्याचा नंबर लिहून घेतला.